नावाड्याची दुमडलेली बोटं

आगगाडीचा धूर सोसेना, म्हणून आजारी मुलीला मी होडीने कोलशेतहून कल्याणच्या वैद्याकडे नेलं. नावाडी म्हातारा कोळी होता, गळ्यात क्रूस. आम्ही उतरलो तसा त्याने मुलीपुढे हात उचलला. अंगठा नि दोन बोटं सरळ, उरलेली दोन दुमडलेली. त्यांचे पाद्री असाच आशीर्वाद देतात. मुलं बाटवल्याच्या गोष्टी तेव्हा घरोघर चालत. मी तिला मागे ओढलं.

"भिऊ नको, मास्तर," तो म्हणाला. "शिडाच्या दोरान हात कापला, तवाधरना ही बोटां उघरत नाय."

"मग पाद्री मुद्दाम तशी का दुमडतात?"

"आमच्या पाद्र्यांचा पयला गुरू पन कोलीच व्हता. त्याचा हात असाच ऱ्हायला असल. लोकांना वाटला, आशीर्वाद हाय."

तो थट्टा करत होता का, कळेना. आणि त्याने हात उचलला तो आशीर्वादाला की नुसता निरोपाला, हे विचारायचं राहूनच गेलं.

होडी लांब गेली. मुलीने हात वर केला आणि दोन बोटं नीट दुमडून घेतली. तो हात खाली ओढावा की नको, मला काही केल्या ठरवता येईना.