भाऊंच्या चार वाट्या

कणकवलीकडचा माणूस आठवडाभर कच्च्या कांद्याला शिवत नाही, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमचे भाऊ शिवत नसत. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या मसाल्याच्या कारखान्यात चव बघणाऱ्यांचे ते प्रमुख. कांदा फक्त शनिवारी रात्री, सुट्टीच्या आधी. एकदा मालकांचे जावई सेंट मारून आले, तर भाऊंनी त्यांना जिन्यातच उभं करून प्रेमाने विचारपूस केली आणि तिथूनच परत पाठवलं.

चव बघणारे आम्ही चौघं. भाऊ, गायकवाड, आमचं वरण शिजवणाऱ्या पाटकरबाई आणि नवखी मी. अळणी वरणात वेगवेगळे मसाले घालून चार वाट्या समोर यायच्या. एक घोट, मग कोमट पाणी आणि चार चुरमुरे, मग पुढची वाटी. आधी भाऊ बोलायचे. डोळे मिटून म्हणायचे, "धणे पुढे आलेत. दगडफूल लाजतंय." मग गायकवाड म्हणायचे, "लाजतंय खरं." पाटकरबाई म्हणायच्या, "पण गोड लाजतंय." शेवटी मी, "हो, गोडच."

खरं सांगायचं तर मला तिखट आणि जास्त तिखट एवढंच कळायचं. दगडफूल लाजतं म्हणजे नेमकं काय करतं, हे विचारायची सोय नव्हती. बाकी तिघांच्या जिभा सोन्याच्या आणि माझी पत्र्याची, अशी माझी खात्रीच होती. रोज सकाळी वाटायचं, आज पकडली जाणार. मला पक्कं करायची वेळ जवळ आली तशी माझी झोपच उडाली. नोकरी तर आवडली होती, भाऊ तर फारच. पण पकडले जाऊन हाकलले जाण्यापेक्षा आपणच निघावं, हे मी ठरवून टाकलं. संध्याकाळी भाऊंना सांगायचं आणि सुटायचं.

नेमकं त्याच दिवशी भाऊ म्हणाले, "आज नव्या मालवणी मसाल्याचे चार नमुने आहेत. आज तू पहिली बोल गो."

माझी वाट लागली. चारही वाट्या चाखल्या. फरक शून्य. भाऊ माझ्याकडे बघतायत, गायकवाड बघतायत. मी डोळे मिटले, कारण भाऊ मिटायचे, आणि म्हणाले, "तिसरीत शेवटी किंचित कडू लागतंय."

"लागतंय," गायकवाड लगेच म्हणाले. "मेथी असणार."

"मेथीच," पाटकरबाई म्हणाल्या. "घशापर्यंत उतरते मेली."

भाऊंनी तिसरी वाटी पुन्हा तोंडाला लावली, घोट बराच वेळ घोळवला आणि मान हलवली. "कडू आहे."

एवढ्यात खालून गोदामवाल्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "भाऊ, टेम्पो आत्ता लागला. दहिसर नाक्यावर अडकलेला. ते नवीन नमुने वर पाठवू ना?"

आम्ही चौघांनी वाट्यांकडे पाहिलं. मग तिघांनी पाटकरबाईंकडे.

"माल आलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "वाट्या रिकाम्या कशा ठेवायच्या, म्हणून आपला रोजचाच मसाला घातला चारहींत. सांगणार होते, पण तुम्ही बसलातच चाखायला."

"अहो, मग मेथी घशापर्यंत कशी उतरली?" गायकवाडांनी विचारलं.

"तुम्ही दोघं म्हणताय म्हटल्यावर मलाही कडू लागायला लागलं ना."

भाऊंचं आधी पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि ते खुर्चीवरून घसरून चक्क जमिनीवर बसले. "माका चारय सारखेच लागले गो बाय," डोळे पुसत ते म्हणाले. "म्हटलंय, झाला, जीभ गेली आपली. आता घरी बसवतले. म्हणान तुझ्या मागसून कडू म्हटलंय." गायकवाडांनाही तेच वाटलं होतं. त्या दुपारी कुणी काही बोललं की दुसरा "मेथी" म्हणायचा आणि सगळे फुटायचे. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

हसू ओसरल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "मी नेहमी पहिला का बोलतो, माहितीये? पहिल्याला कोण चूक म्हणत नाही."

नोकरी सोडायचं मी त्या संध्याकाळी बोललेच नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी नवी पद्धत काढली. आधी सगळ्यांनी गप्प बसून चाखायचं, आपापलं उत्तर कागदावर लिहायचं, आणि 'कळत नाही' हेही उत्तर धरायचं. पहिल्या आठवड्यात ते सर्वांत जास्त वेळा भाऊंनीच दिलं. त्यामुळे धीर येऊन मी खरोखर चाखायला लागले, आणि एके दिवशी दगडफूल मला आपलं आपण सापडलं. ते लाजत बिजत काही नव्हतं.

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मालक रंगात येऊन बोलत होते. अशी जीभ शतकात एखादी, असं त्यांनी म्हटलं मात्र, शेजारी बसलेले भाऊ माझ्या कानाशी वाकले. "बघ गो, शेवटपर्यंत कोणी पकडूक नाय माका."

मला फस्सकन हसू फुटलं. मालक थांबले, सगळ्या माना वळल्या. मी घाईघाईने पदर तोंडाला लावला आणि म्हटलं, भाऊ चाललेत ना, म्हणून रडू आलं. सगळ्यांना ते पटलं. आणि सांगता सांगता ते खरंच आलं.