जनकाला बराबर हसायचं व्हतं

दीपमाले, लिही. पण 'बिचारी' लिहू नको. जनकाला कोणी बिचारी म्हणलं की ती हातातलं भांडं फेकून मारती, आन आंधळी असून नेम चुकत न्हाई तिचा. जनका म्हंजी तुझ्या आजोबाची धाकटी बहीण, माझी नणंद. लहानपणी गोवर निघाला, त्यात डोळे गेले. लग्न कोणी केलं न्हाई. शिरड शहापूरला आमच्यातच राहिली. शेळ्यांची धार काढायची, बोकड घ्यायला आलेल्या खाटकाशी भांडायची. लई तिखट बाई.

तिला येड एकच, पिच्चरचं. तू हसून राहिली ना? तवा बी सगळे असंच हसायचे. आंधळीला काय करायचा पिच्चर! मला असा राग यायचा! कान हायेत ना तिला? काळीज हाय ना?

तवा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमी परभणीतच मोडायचो. वसमतला टॉकीज व्हतं. बाजाराच्या दिवशी यष्टीनं जायचो दोघी, दुपारच्या खेळाला. पैल्या खेपेला मी आपली गप बसले, टॉकीजमधी बोलू नये म्हणून. मधीच सगळे खदाखदा हसले. पडद्यावर कोणी काही बोललंच नव्हतं, नुसता एक जाड्या माणूस चिखलात घसरला व्हता. लोक हसले म्हणून जनका हसली, पण मागून. सगळे गप झाले आन हिचं एकटीचंच हसू चालू. पुढच्या पोरींनी वळून बघितलं, एकमेकीला कोपरं मारली.

भाईर आल्यावर म्हणती, "वैनी, काहून हसले लोक?"

"माणूस पडला चिखलात."

"मंग तवाच सांगायचं ना! मला सगळ्यांच्या बराबर हसायचं हाय. मागून हसले की लोकाला मी येडी वाटते."

तवापासून मी सांगाया लागले. कानात, हळू. आता दार उघडलं, आता ती डोळे पुसून राहिली, आता ह्यानं चिठ्ठी लपवली. पडद्यावरचे बोलले की मी गप, ते गप झाले की मी सुरू. चांगलं जमून गेलं व्हतं.

मंग आला एक मराठी पिच्चर. त्यातल्या हिरोचं नाव आन तुझ्या आजोबाचं नाव एकच. ते तूच लिही, पुढं बी जिथं येईल तिथं तूच. (अमृतराव.) व्हय, तेच. आता मी ते कसं घेऊ? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, जीभच वळत न्हाई. मी हिरोला 'तुझा दादा' म्हणू लागले. जनकाला बराबर कळायचं.

तो हिरो असा लबाड! बायकोला चुकवून एका बाईच्या घरात शिरला. तेवढ्यात तिचा भाऊ आला, तर हा बाजेखाली लपला. पाय भाईर! आन तिथंच बांधलेली म्हैस, ती लागली की पाय चाटाया. मला हसू आवरंना, आवाज मोठा झाला माझा. "अगं, तुझा दादा त्या बाईच्या बाजेखाली लपला! म्हैस त्याचे पाय चाटून राहिली!"

पुढं आमच्याच गावची मिराबाई बसलेली. ती उभीच राहिली. "अगं माय! अमृतराव? कोणाच्या बाजेखाली?"

झालं. शिट्ट्या काय, "ए बाई, खाली बस" काय! दारावरचा माणूस आला आन बॅटरी मारली थेट जनकाच्या तोंडावर. मी म्हणलं, "आरं बॅटरी बाजूला कर, आंधळी हाय ती."

"आंधळी?" म्हणून त्यानं बॅटरी आणखीन जवळ नेली. बघाया!

"आण, आणखीन जवळ आण," जनका म्हणली, "बघ तुझ्यानं उजेड पडतो का."

दोघींना भाईर काढलं. मॅनेजर खुर्चीत बसून पान चघळून राहिला व्हता. म्हणतो, "आंधळ्या बाईला पिच्चर कशाला दाखवता? देवळात न्या." अंगाची लाही झाली माझ्या. तिकीट फाडताना इचारलं व्हतं का रे मेल्या, डोळे हायेत का म्हणून?

आमच्या पाठोपाठ मिराबाई गावात आली, आन सांजच्याला पारावर एकच बोलणं. "काय अमृतराव, म्हशीनं पाय धुतले म्हणं तुमचे?" तुझा आजोबा लालबुंद होऊन घरी आला. चप्पल बी काढली न्हाई. "आजपासून पिच्चर बंद! दोघींचा बी! गाव हसून राहिलं मला."

जनका चुलीपाशी बसली व्हती. म्हणली, "दादा, लोक तुला हसले तर काहून हसले ते तुला कळलं तरी. मला तेवढं बी कळू नये व्हय?"

तुझा आजोबा खाली बसला. मंग चप्पल काढली, पाणी पेला. माझ्याकडं न बघता म्हणतो, "हिला म्हणावं नाव घे माझं. पण तिथल्या तिथंच. घरी न्हाई."

पुढच्या बाजाराला तोच पिच्चर चालू व्हता. दारावरच्यानं हात आडवा लावला. "ही न्हाई जायची आत." जनकानं काय करावं? दाराच्या मधोमध बैठक मारली, लुगडं सावरून. लोक तिकिटं घेऊन मागं खोळंबले. "मावशी, सरका की!" "तूच उडी मारून जा ना, बाळा, तुला तर दिसून राहिलं." खेळ सुरू व्हायची घंटा झाली, लोक मॅनेजरवर वरडाया लागले, तवा तो आला. शेवटी म्हणतो, "बसवा तिकडं कोपऱ्यात." कोपरा कोणता? सगळ्यात मागं, भिंतीपाशी, जिथं खडखड करणारा पंखा. तिथं माझं बोलणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आमाला तसं ठेवलं, शिळी भाकर ठेवत्यात तसं.

म्हैस आली. मी पदर डोईवर सारखा केला. पण घेतलं नाव. "अमृतराव बाजेखाली गेला. अमृतरावाचे पाय भाईर. आली म्हैस, लागली चाटाया!" आन जनका हसली. बराबर हसली, सगळ्यांच्या संगं, ना आधी ना मागून. माझ्या मांडीवर थापा मारून मारून हसली.

भाईर निघताना मॅनेजर म्हणतो, "बसू दिलं ना? उपकार माना."

"कसले उपकार? तिकीट तुझ्या हातात न्हाई का दिलं?" जनका म्हणली. "पुढच्या खेपेला तो पंखा बंद ठेव. माझ्या वैनीचं अर्धं बोलणं त्यानं खाल्लं."

त्यानं काही बंद केला न्हाई. टॉकीज मोडेपर्यंत आमाला त्याच कोपऱ्यात बसवलं. मंग मी बी हळू बोलायचं सोडलं. पंख्याच्या वर आवाज काढायची. लोक माना वळवून बघायचे. बघा म्हणलं. तुमाला डोळे हायेत, बघा.