भरू नको म्हणणारे काका

"थांब. भरू नको." हे म्हणताना काका उजवा पंजा असा समोर धरायचे, की चौकातला ट्रॅफिक पोलीसही लाजेल. समोरच्याला बोलायची संधीच नाही. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून पुढचं वाक्य, "माफ होऊन राहिलं ना बाप्पा. फाइल चालली आहे."

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हे होते. नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून बदली होऊन रायपूरला आले आणि दूध डेअरीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच. ऑफिसात ते आवक-जावक विभागात होते. म्हणजे फाइलवर नंबर टाकायचा आणि पुढे ढकलायची. आत काय लिहिलंय ते त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पाऱ्यात आल्यावर तीच फाइल सोमवारी उपसचिवांकडे असायची, गुरुवारी वित्त विभागात, आणि काकांनी ती "सोता डोयानं" पाहिलेली असायची.

फाइल कसली? तर शिक्षणकर्ज माफीची. आमच्या पाऱ्यातली निम्मी पोरंपोरी तेव्हा कर्ज काढून शिकली होती. बँकेचा नियम सरळ होता: शिक्षण संपून एक वर्ष किंवा नोकरी लागून सहा महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिला हप्ता. नियमाचा कागद प्रत्येकाच्या घरी होता. पण कागदापेक्षा काकांचा पंजा मोठा. नवं राज्य आहे, नवं सरकार आहे, पहिलं काम पोरांचं करेल, असं ते म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो. जो हप्ता भरायचा त्याला पाऱ्यात बावळट म्हणत. इंजिनियर झालेली ही हुशार मंडळी, त्यात मीही.

अर्थसंकल्पाच्या दिवशी सगळे त्यांच्या घरी टीव्हीसमोर. काकू पोहे करायच्या. भाषण संपायचं, आमच्याबद्दल चकार शब्द नसायचा. काका शांतपणे पोह्यातला शेंगदाणा चावत म्हणायचे, "पुरवणी मागण्यांत येते ते." पुढच्या वर्षी पुन्हा पोहे, पुन्हा पुरवणी. आम्हाला लाज कशी वाटली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मला उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात नोकरी लागली. सहा महिने झाले. पहिला हप्ता पर्समध्ये घालून मी बँकेत निघाले होते, आणि डेअरीसमोर पंजा आडवा आला. "काहून भरून राहिली? भरलेले पैसे वापस नाही भेटत मग." मी परत फिरले. त्या पैशांत कूलर घेतला.

कर्जाला जामीनदार माझे बाबा होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. एक दिवस मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला गेले आणि रिकाम्या हातानं आले. माझे थकलेले हप्ते बँकेनं त्यांच्या खात्यातून कापून घेतले होते. बाबा एका डोळ्यावर हात धरून पेपर वाचत बसले. मला त्या दिवशी स्वतःचा आणि काकांचा इतका राग आला की सांगता येत नाही.

त्यानंतर मी दर महिन्याला भरायला लागले. बँकेची शाखा तेलीबांध्याला. तिथे एकदा रांगेत माझ्यापुढे कोण? काका. हातात पासबुक.

"काका, तुम्ही इथे?"

"लाइट बिल भरायले आलो."

खिडकीतला कॅशियर हसला. "अंकल की तो हर महीने पाँच तारीख. बिटिया का लोन है, एक दिन लेट नहीं."

मी त्यांना बाहेर गाठलं. पायऱ्यांवर, लोकांसमोर, ओरडूनच विचारलं. "आम्हाले थांबा म्हणता अन् सोता भरून राहिले?"

"मले वाटते ना, होईल माफ."

"मग भरता काहून?"

"नाही झालं तं?" ते म्हणाले. "पोरीचं नाव खराब होईल."

ऐकलंत? "नाही झालं तर" हा प्रश्न या गृहस्थाला पडत होता. फक्त स्वतःच्या पोरीपुरता. आमच्या वेळी तो कुठे ठेवला होता? मी हे असंच विचारलं. ते चप्पल घालत राहिले.

मग हळूच बोलले. मुलगी हैदराबादला नोकरीला. तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, यांनी बोलणं तोडलं. तोडण्याआधी तिलाही पंजा दाखवून झाला होता, भरू नको म्हणून. "माही एकही गोष्ट तिनं ऐकली नाही. हेच तेवढं ऐकलं." आता भर म्हणून सांगायचं तर फोन करावा लागणार. तो यांच्यानं होईना. मग स्वतःच भरत होते. एवढा ताठा, आणि दर पाच तारखेला रांगेत. मला हसू आलं. माफ मात्र मी केलं नाही.

मुलीचं कर्ज फिटलं तेव्हा बँकेचं बेबाकी पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. "तू पाठव. माह्यं अक्षर पाहिलं तं उघडणार नाही थे. बँकेनं पाठवलं म्हण." मी पाठवलं, मागे माझा पत्ता घातला.

त्याच हिवाळ्यात काका गेले. सकाळी आंघोळीला पाणी तापवत होते, तिथेच. मुलगी दुसऱ्या दिवशी पोहोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. बायकांची गर्दी ओसरल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"वो लेटर तुमने भेजा था ना? बैंक की गलती होगी. मैंने तो एक भी किस्त नहीं भरी."

बँकेनं पाठवलं म्हण, असा शब्द मी दिला होता. पण काकांच्या शब्दावर विसंबून आम्ही किती नुकसान सोसलं होतं, म्हणून मीही माझा मोडला. "तुझ्या बाबांनी भरले," मी म्हणाले.

"कब से?"

"पहिल्यापासून. तुझ्या नोकरीला सहा महिने झाले, त्याच महिन्यापासून."

ती बोटांवर महिने मोजत राहिली. मग मराठीत म्हणाली, "त्याच महिन्यात माझं लग्न होतं. मी हॉलच्या दारात उभी होते, बाबा येतील म्हणून."