फरक परत

पेंटरकाकांचं अक्षर वळणदार, पण डोकं नको तिथे चालायचं. समोरासमोरच्या दोन फ्रिजवाल्यांच्या काचांवर दर सोमवारी जुना भाव खरवडून ते उतरलेला नवा भाव रंगवत. दोघांत चुरसच तशी! या खरवडाखरवडीला कंटाळून काकांनीच एका दुकानदाराला सुचवलं, "एकदाच लिहून टाकू ना, समोर स्वस्त मिळालं तर फरक परत!" आठवड्याभरात समोरच्यानेही तीच पाटी रंगवून घेतली.

पुढच्या सोमवारी काका डबा-ब्रश घेऊन गेले, तर दुकानदार हसला. "आता भाव उतरवून काय उपयोग? समोरचा लगेच तेवढ्यातच देणार. मग गिऱ्हाईक इकडे येईल कशाला?"

वर्ष झालं. भाव उतरला नाही, उलट दोनदा चढला. तोही काकांनीच रंगवला.

काल काकांची धाकटी बहीण खुशीत सांगत आली, "दादा, फ्रिज घेतला! तुझ्या हातची पाटी बघितली आणि निर्धास्त झाले. तरी समोर विचारलं हं. तिथेही अगदी तेवढाच भाव. किती सरळ माणसं रे!"

काका "हो" म्हणाले, पण तिच्याकडे बघायचं काही त्यांना जमलं नाही.