हॉलंडच्या धर्तीवर

युरोपातल्या परक्या माणसांच्या प्रश्नावर अख्ख्या मराठवाड्यात एकच अधिकारी पुरुष होऊन गेला, आणि तो आमच्या वडवणीच्या मावशीचा नवरा होता. मुलाकडे जर्मनीत उन्हाळाभर राहून आल्यापासून काकांना देशांची प्रतवारी लावण्याचा नादच लागला. आठवडी बाजारात वांगी निवडतानाही ते भाजीवालीला ऐकवत, "जर्मनीत आधी भाषा, मग कागद. फ्रान्सात समदे सारखे, पण दिसायलाबी सारखंच पायजे. हॉलंडात तर बाहेरच्याची चक्क परीक्षा!" भाजीवाली विचारी, "पाव किलो का अर्धा?" स्वीडनला ते कधी गेले नव्हते, त्यामुळे स्वीडनबद्दल फारच ठामपणे बोलत.

दुष्काळ पडला आणि या विद्वत्तेला काम मिळालं. विहिरी खोल करायला आलेलं एक तेलुगू कुटुंब गावाबाहेरच राहिलं. कुणी विकायला काढलेल्या दोन म्हशी त्यांनी घेतल्या आणि सहकारी दूध संस्थेचं सभासदत्व मागितलं. काका संस्थेचे चेअरमन. "आधी परीक्षा," ते म्हणाले, "हॉलंडच्या धर्तीवर." मावशी म्हणाली, "अवो, दूध म्हशीचं घेणार का भाषेचं?" पण काका टोपी चढवून, मला साक्षीदार म्हणून घेऊन, भर उन्हात त्यांच्या खोपटावर थडकले.

माणसं कामावर गेलेली. घरात एकटी म्हातारी. काकांनी खाकरून पहिला प्रश्न टाकला, "सांगा, आपल्या गावाला पाणी कुठून येतं?" म्हातारीला त्यातलं 'पाणी' तेवढं कळलं. टँकर तर कित्येक दिवसांत गावात फिरकला नव्हता. ती लगबगीनं आत गेली, मडकं तिरपं केल्याचा आवाज आला, आणि तिनं तांब्या भरून आणला. घोंगडी अंथरली. "बसा, बसा," एवढंच मराठी तिला येत असावं. काका बसले, पाणी प्याले आणि दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

सभेत त्या कुटुंबाचं नाव त्यांनीच सुचवलं. "परीक्षेचं काय झालं?" एका सभासदानं विचारलं.

"पास!" काका गरजले. "स्वीडनच्या नियमानं!"

स्वीडनचा नियम कुणालाच ठाऊक नसल्यानं ठराव एकमतानं मंजूर झाला.

घराकडे येताना मी हसून म्हणालो, "काका, म्हातारी तर पहिल्याच प्रश्नाला नापास झालती की."

ते हसले नाहीत. थोडं चालून म्हणाले, "पोराच्या शेजाऱ्यानं इतक्या वर्षांत त्याला एकदाबी बस म्हणलं न्हाई रे. माणूस चांगला हाय. सणाला केकबी देतो. पण दारातूनच."

मग घर येईपर्यंत त्यांनी एकाही देशाचं नाव घेतलं नाही.