ब्रेकमामांचा पाय

ब्रेकमामा गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मामा शेजारी, आणि मामांच्या पायाशी एक जादाचा ब्रेक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका त्या एका पायाने थांबवल्यामुळे पायाला खोडच लागली होती. न्हाव्याच्या खुर्चीत, रिक्षात, इतकंच काय, बायको गरम पातेलं घेऊन भरभर निघाली तरी मामांचा पाय जमिनीत रुतायचा. लोकांनी नाव काही उगाच ठेवलं नव्हतं.

गावातला मोठा कारखाना बंद पडला आणि निम्मं गाव घरी बसलं. मामांकडे हौसेने येणारे संपले, पोटासाठी येणारे वाढले. परीक्षेत नापास झालं की ही माणसं पार खचून जात. त्यावर मामांकडे एकच औषध होतं, गोष्ट. पाववाल्याने परीक्षेच्या दिवशी साहेबांसकट गाडी कुंपणात घातली होती, आज त्याची स्वतःची गाडी घरोघर पाव पोचवते, असं ते सांगत. थोडं तिखटमीठ सोडलं तर त्यांच्या गोष्टी खऱ्या असत.

अडचण झाली ती शिवणकाम करणाऱ्या ताईंमुळे. नवऱ्याची नोकरी कारखान्याबरोबर गेली आणि गिऱ्हाइकांनी नवे कपडे शिवून घेणंच सोडलं. शहराच्या बससेवेला चालक हवे होते. आधी लहान गाडीचा परवाना, मग मोठ्या गाडीचा, असा ताईंचा बेत होता. नाही जमलं तर घर मोडून दिरांच्या दारात जायचं ठरलेलं. आणि ताईंची गाडी चढावर थांबली की पुढे जायच्या ऐवजी मागे घसरायची. त्यावरच त्या नापास झाल्या.

मामांनी पोतडीत हात घातला, पण बस चालवणारी बाई काही त्यात निघेना. मग त्यांनी सरळ ठोकून दिली. म्हणाले, माझ्याकडे एक बाई होत्या, तुमच्यासारख्याच चढाला घाबरायच्या, आज ऐटीत बस चालवतात. ताईंचा चेहरा असा उजळला की मामांना थाप मागे घेववेना.

पण ताईंना त्या बाईंना भेटायचं होतं. मामांनी सांगितलं, त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच सांगितलं. घरी बायकोने विचारलं, "त्या लेकीला बाळंत व्हायचा ठेकाच दिलाय का तुम्ही?"

ताई दुसऱ्यांदा नापास झाल्या. त्याच चढावर त्यांनी गाडी उभी केली, किल्ली काढून मामांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, त्या बाईंशी एकदा बोलू द्या, नाहीतर मी उद्यापासून येत नाही. ब्रेकवर पाय गच्च रोवून मामा म्हणाले, "ताई, अशी कुणी बाई नाहीच. तुमच्यासाठी मी ती बनवली."

आता ही बाई दार आपटून जाणार, याची मामांना खात्री होती. मग ताईंना हसू फुटलं, इतकं की डोळे पुसावे लागले.

"म्हणजे ती जागा अजून रिकामीच आहे तर," त्या म्हणाल्या. "द्या इकडे किल्ली."

तिसऱ्या खेपेला ताई पास झाल्या. मोठ्या गाडीचा परवाना मिळायला पुष्कळ वेळ गेला. तोवर त्यांनी पाववाल्याचीच गाडी चालवली आणि दिरांचं दार दूरच राहिलं.

पुढे एका सकाळी मामा बसथांब्यावर उभे होते. बस आली, चालकाच्या जागेवर ताई, खाकी शर्ट स्वतःच्या हाताने मापात शिवलेला. ताई फक्त म्हणाल्या, "बसा मामा. आज तुम्ही नुसतं बसायचं."

शेजारी बसलेल्या आजोबांनी मामांना कानात माहिती पुरवली, या चालकबाई म्हणे सहा वेळा नापास झाल्या होत्या. म्हणाले, माझी नात परवा नापास होऊन रडत होती, तिला हेच सांगितलं, तर पोरगी सकाळी पुन्हा अभ्यासाला बसली. खरा आकडा मामांच्या ओठांवर आला होता. पण आजोबांचा खुललेला चेहरा बघून त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, "सहा नाही, सात."

चढावर सिग्नल लागला. मागे गाड्यांची रांग. हिरवा दिवा लागताच बस तसूभरही न घसरता वर निघाली. आपला थांबा आला तेव्हा मामांचं लक्ष सहज खाली गेलं. त्यांचा पाय सबंध चढभर, झोपलेल्या मुलासारखा, जागचा हललाच नव्हता.