हार्टविगची वेबसाइट आणि त्याचीच अट

हार्टविग ब्रूनकेनसारखा छळवादी माणूस आमच्या जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या बाग संघात दुसरा नाही. असलाच तर त्याच्या शेजारचा वाफा मला देऊ नका. एक पुरे आहे. जन्मभर त्यानं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा जादा ब्रेक ठेवायचा आणि समोरच्याला जरा मजा येऊ लागली की तो दाबायचा. निवृत्त झाल्यावर दाबायला त्याला संघाची वेबसाइट मिळाली.

ती त्यानं ओपन सोर्स प्रणालीवर बांधली होती, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट आणि कुणालाही खुली. तिच्यात कुणी काय करायचं ते अधिकार वाटून देता येतात. हार्टविगनं मजकूर लिहायचा अधिकार सगळ्यांना दिला आणि प्रसिद्ध करायचा फक्त एकाला. कुणाला, ते सांगायला नको.

व्हीब्के ओल्टमान्सनं रोपांच्या अदलाबदलीच्या मेळाव्याची सूचना लिहिली आणि टोमॅटोची रोपं मांडून ती दिवसभर एकटी बसली. सूचना हार्टविगनं दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केली.

"अरे, मेळावा होऊन गेला!" ती कुंपणावरून ओरडली.

"तुझा फोटो फार मोठा होता. पान हळू उघडलं असतं."

"लोक आले असते ना पण हळूहळू!"

"प्रणाली खुली आहे, बाई. माझा साचाही जगासाठी ठेवलाय. घे आणि बांध तुझी तू. खुरपं धड धरता येत नाही, म्हणे वेबसाइट!"

साचा म्हणजे वेबसाइटचं सगळं रूप: रंग, रकाने, माथ्यावरचा कोबी. हार्टविगनं तो स्वतः घडवून मोठ्या अभिमानानं इंटरनेटवर ठेवला होता. कुणीही घ्या, बदला, वापरा. फक्त पानाच्या तळाशी माझं नाव राहू द्या, एवढीच अट. आजवर तिकडे कुत्रं फिरकलं नव्हतं.

व्हीब्केनं तो घेतला. संघाची दुसरी वेबसाइट उभी राहिली, तोच कोबी, पण प्रसिद्ध करायचा अधिकार सगळ्यांना. लोक तिकडे पळाले. मीही पळालो, माझा गोगलगायींवरचा लेख हार्टविगकडे कुजत पडला होता.

वार्षिक सभेत हार्टविगनं ठराव मांडला: ही चोरीची वेबसाइट बंद करा. ठराव पडला तर तीच अधिकृत होणार होती.

अध्यक्ष एन्नोनं चष्मा पुसला. "साचा घ्या, असं तूच लिहिलंस ना?"

"लिहिलं म्हणून लगेच घ्यायचा?"

"बरं, तिनं तुझी अट मोडली का?"

व्हीब्केनं पडद्यावर एकेक पान उघडलं. प्रत्येकाच्या तळाशी ठळक अक्षरात हार्टविग ब्रूनकेन. कंपोस्टच्या दुर्गंधीच्या पानावर तर जरा जास्तच ठळक.

"काढ माझं नाव!"

"कसं काढू? अट तुझी आहे. मी नियमानं चालणारी बाई."

मतदान झालं. हार्टविगच्या बाजूनं दोन हात वर गेले, एक त्याचा, एक मेव्हण्याचा. मेव्हण्याला खरं तर बिअर मागवायची होती. लोकांनी खुशीत टेबलं ठोकली.

हार्टविग उठला. कोटाची सगळी बटणं लावली. बागेत आम्ही झाडून सगळे एकमेकांना अरे-तुरे करतो. "श्रीमती ओल्टमान्स," तो म्हणाला, "आजपासून मला अहो-जाहो करायचं."

यापेक्षा थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

"बरं, श्रीयुत ब्रूनकेन," व्हीब्के म्हणाली. "तुमच्या साच्यात मोबाइलवर मेनू उघडत नाही. खाली नाव तुमचं आहे. दुरुस्त कधी करताय?"

"तुमचा मोबाइलच भंगार असेल!" हार्टविग म्हणाला आणि दार आपटून गेला.